चंद्राबायच्या पाठचा समुद्र

कुडाळच्या आठवडा बाजारात माझी एक ठरलेली भाजीवाली आहे, सुलोचना. लाल भाजीची जुडी पिशवीत टाकता टाकता ती दर खेपेला एकच गोष्ट विचारते.

"सिनेमात काम करतंस मां तू? मगे दिसणस नाय कशी?"

"दिसलंय तर माझा काम फसला," मी म्हणते.

ती माझ्याकडे अशी बघते, की बिचारीला कोणी घेत नसणार म्हणून काहीतरी सांगतेय. तिची समजूत काढायचा मी पाच वर्षं प्रयत्न करते आहे. आज तुम्हा वाचकांवर प्रयोग करून बघते.

सिनेमात जे एक चित्र म्हणून दिसतं, ते पुष्कळदा चार-पाच चित्रं एकमेकांवर ठेवून केलेलं असतं. माणूस एका ठिकाणी उभा असतो, त्याच्या मागचा डोंगर दुसरीकडे आणि डोंगरावरचा किल्ला तर कुठेच नसतो, तो संगणकात बांधलेला असतो. हे थर एकमेकांत मुरवायचं काम म्हणजे कंपोझिटिंग. बावीस वर्षं मी ते अंधेरीत केलं, आता कुडाळ स्टेशनच्या रस्त्यावर दोन खोल्या घेऊन करते. माझ्याबरोबर शबाना असते. विजयदुर्गाकडच्या मासळीच्या व्यापाऱ्यांच्या घरातली, चौतिशीची, एका मुलीची आई. निळ्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचा उडता केस न् केस पडद्यापासून सोडवून घेणं हे तिचं काम. मासळीचा काटा काढणाऱ्या घरातली असल्यानं जमतं, असं ती सांगते.

माणूस नीट कापला, जागेवर ठेवला, की काम झालं असं बाहेरच्यांना वाटतं. खरी गंमत तिथून पुढे. उजेड एका जागी थांबत नाही. दिवा थरथरतो, ढग येतो, झाडाची फांदी हलते. पुढच्या थरात उजेड कमी झाला आणि मागच्यात झाला नाही, तर कुठलाही प्रेक्षक, अगदी सुलोचनासुद्धा, काय चुकलं ते सांगू शकणार नाही, पण खुर्चीत चुळबुळ करील. त्याला ते खोटं वाटू लागतं.

हे मला मुंबईत एका फार मोठ्या माणसानं शिकवलं, असं सांगायला आवडलं असतं. प्रत्यक्षात कणकवलीच्या एका मावशीनं शिकवलं. तेव्हा मी नवीन होते आणि सुट्टीत गावी, नांदगावला, आले होते. लग्नांचं शूटिंग करणारा एक ओळखीचा गृहस्थ आला. नवरीचा भाऊ बोटीवर नोकरीला, लग्नाला येऊ शकला नव्हता. त्यानं बोटीवरच्या खोलीत हिरवी चादर लावून आशीर्वाद देतानाचा व्हिडिओ पाठवला होता, तो मांडवात उभा करून द्यायचा. मी दोन दिवस बसून केला. भाऊ असा बसला, की पलीकडच्या काकांचा धक्का लागेल असं वाटावं. सगळ्या घरानं एकत्र बसून पाहिला. आई रडली. नवरीची मावशी मात्र मान तिरकी करून म्हणाली, "हेका कोणी चिकटवलो?"

माझा चेहरा पडला. कसं कळलं म्हणून विचारलं.

"अगो, लाईट गेली म्हणान जनरेटर लावलेलो. सगळे लुकलुकतत, ह्यो एकलोच लुकलुकणा नाय."

खरं होतं. मांडवातले दिवे जनरेटरवर कमी-जास्त होत होते. त्यांच्याबरोबर नवरा-नवरी, भटजी, काका सगळे उजळत आणि मंदावत होते. भाऊ मात्र देवघरातल्या तसबिरीसारखा स्थिर. मी रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले ती हे प्रकरण डोक्यात घेऊनच.

यावरचा उपाय सांगायला सोपा आहे. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चित्रं असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेममध्ये एक ठरावीक जागा धरायची आणि तिथला उजेड मोजायचा. ते आकडे क्रमानं मांडले, की तापाच्या तक्त्यावर असते तशी चढउताराची रेघ मिळते. तीच रेघ दुसऱ्या थराला लावायची. म्हणजे मांडव मंदावला की भाऊही तितकाच मंदावणार. आमचे दळवी सर, माझे पहिले वरिष्ठ, सारखे म्हणायचे, "डोळ्यावर विसंबू नकोस. डोळा कशालाही सरावतो. मोज."

मोजायची जागा निवडण्यात मात्र अक्कल लागते. चेहरा घेतला तर तो वळतो, कपडा घेतला तर त्याला चुण्या पडतात. हलणार नाही, चकाकणार नाही आणि कोणी पुढून जाणार नाही, अशी जागा हवी. फ्रेममधली सगळ्यात कंटाळवाणी वस्तू शोधण्यात मी आयुष्याची कित्येक वर्षं घालवली आहेत.

आणि याची एक उलट युक्तीही आहे. तीच रेघ उलटी लावली, की उजेडातला चढउतार पुसला जातो. ढग येऊन गेला होता हे कळतसुद्धा नाही. निर्मात्यांना ही युक्ती फार आवडते, कारण वेळ वाचतो. मीही ती शेकडो वेळा वापरली. किती चेहऱ्यांवरून मी अशी इस्त्री फिरवली असेल याचा हिशेब मी कधी केला नव्हता. तो करायला लावला चंद्राबायनं.

मंदार नावाचा एक तरुण दिग्दर्शक कुणकेश्वरच्या खालच्या अंगाला एका किनाऱ्यावर सिनेमा करत होता. जुना काळ, गलबतं, वाट बघणारी बायकामाणसं. त्यातल्या एका म्हाताऱ्या कोळणीच्या भूमिकेसाठी त्यानं गावातलीच बाई उभी केली होती. चंद्राबाय. वय सत्तरीच्या पुढे, जन्मभर मासे विकलेले. कॅमेरा म्हणजे काय याची तिला ना भीती, ना अप्रूप. तिचा महत्त्वाचा प्रसंग अडतीस सेकंदांचा. वाळूत कॅमेऱ्याला तिरकी उभी राहून ती डावीकडे समुद्राकडे बघते आणि शेवटी म्हणते, "येतलो. वारो फिरलो काय येतलो."

मागे खरा समुद्र होताच, पण त्यात पर्यटकांच्या फटफटणाऱ्या बोटी आणि वर रंगीत छत्र्यांना लटकलेली माणसं. म्हणून तिच्या मागे निळं कापड लावलं आणि समुद्र दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, बोटी बंद ठेवून वेगळा टिपला. गलबत पुण्याच्या मंडळींनी संगणकात बांधलं. तीन थर, एक चित्र, रोजचंच काम.

अडचण अशी झाली, की चंद्राबाय उभी होती त्या दिवशी ढग होते. तिचं चित्रण चालू असताना मध्येच ऊन गेलं आणि परत आलं. समुद्र टिपला त्या दिवशी मात्र आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. मंदार म्हणाला, आठवड्यानं तिचा भाग परत घेऊ. चार दिवसांनी चंद्राबायला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

म्हणजे आमच्याकडे होता तो एकच टेक.

मुंबईच्या मंडळींनी, म्हणजे पैसे घालणाऱ्या निर्मात्यांनी, मंदारला सांगितलं, की चढउतार पुसून टाका, चालेल. मला दोन तासांचं काम होतं. मी केलं, शबानाला दाखवलं.

"ताई, हिला काय झालंय? तोंड असं का करतेय?"

मी परत लावलं, आणि मलाही दिसलं. ऊन गेल्यावर चंद्राबायचे डोळे मोठे झाले होते, कपाळाच्या आठ्या सुटल्या होत्या. ती थांबून राहिली होती. मग ऊन परत आलं, तसे डोळे बारीक करून तिनं ते वाक्य उच्चारलं होतं. आता मी ऊनच पुसून टाकलं. राहिली एक म्हातारी, जी काही कारण नसताना डोळे विस्फारते आणि काही कारण नसताना बारीक करते. पासपोर्टच्या फोटोला उभं केल्यासारखी.

मी मंदारला फोन केला. "पुसायचं नाही. तिला तशीच ठेवते. मागचा समुद्र तिच्याप्रमाणे बदलते."

"ताई, मला पटतंय," तो म्हणाला, "पण इथे वेगळंच शिजतंय. निर्माते एका नावाजलेल्या बाईंना घेऊन हा प्रसंग स्टुडिओत नव्यानं करायचं म्हणतायत. चंद्राबायचं सगळंच काढायचं. मी शुक्रवारपर्यंत थांबवलंय."

तो दिवस शनिवारचा होता.

मोजायला जागा चांगली मिळाली. चंद्राबायच्या बाजूला वाळूत एक जुनं वल्हं रोवलेलं होतं, उघड्या लाकडाचं, न हलणारं. आमच्या धंद्यातलं रत्नच म्हणायचं. नऊशे बारा फ्रेम्सची रेघ काढली, समुद्राला लावली. समुद्र काळा झाला, परत उजळला. बरोबर वेळेवर. आणि दिसायला अगदी वाईट.

"कोणीतरी बटण दाबल्यासारखं वाटतंय," शबाना म्हणाली.

एक चूक मला लगेच सापडली. मी वल्ह्याची फक्त उन्हाकडची बाजू मोजली होती. सावलीकडची बाजू मोजली, तर तिथला उजेड जेमतेमच उतरत होता. साहजिक आहे. ढग सूर्याला झाकतो, उरलेल्या आभाळाचा उजेड तसाच राहतो. म्हणून सगळ्या चित्राला एकाच मापानं काळं करणं चूक. मग आभाळ हलवायचंच नाही, लाटांच्या कडांवरची चमक पूर्ण घालवायची, पाणी थोडंसंच उतरवायचं आणि त्यात किंचित निळसर थंडपणा आणायचा. रविवार आणि सोमवार त्यात गेले. आधीपेक्षा पुष्कळ बरं झालं. तरी बटण होतंच, फक्त जरा महागातलं.

मंगळवारी मंदारचा फोन येऊन गेला. मी 'अजून नाही' म्हटलं आणि परत लाटांकडे वळले.

आम्ही नांदगावची माणसं. भात आणि काजू यांच्या पलीकडे आमचं शिक्षण नाही. समुद्र म्हणजे पाहुणे आले की दाखवायला न्यायची जागा. सत्तावीस वर्षं मी पडद्यावर समुद्र लावत आले, पण तासभर बसून तो बघितला असेन असं आठवत नाही. त्या आठवड्यात समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा होता आणि ऐन नोव्हेंबरात ढग आले होते. बुधवारी सकाळी मी शबानाला म्हटलं, "चल, बघून तरी येऊ."

"आजच कॅमेरा लावून सावलीचा समुद्र टिपला तर?" तिनं विचारलं.

"ढगाला आपली वेळ कोण कळवणार?" मी म्हटलं. पण टॅबवर तो टेक घेतला आणि निघालो.

चंद्राबायचं घर किनाऱ्यालगतच. पुढच्या अंगणात, खळ्यात, खुर्चीवर ती बसली होती. उजवा हात मांडीवरच्या टॉवेलवर ठेवलेला, केस कोणीतरी नीट विंचरून दिलेले. मला वाटलं होतं तशी खचलेली नव्हती. उलट वैतागलेली दिसली, स्वतःवर आणि सगळ्यांवरच. तिचे यजमान, रघूआबा, तिच्याकडून 'आ', 'ई' म्हणवून घेत होते. ती एकदा म्हणायची आणि तोंड फिरवायची.

सिनेमावाली म्हटल्यावर आबांनी पहिलं विचारलं, "हिचा काम दिसतला मां?"

मला खोटं बोलवेना. "त्याच्यासाठीच इलंय आबा," म्हटलं. "एक गोष्ट जमणा नाय. ढगाची सावली समुद्रावर कशी येता, ता माका कळणा नाय."

आबांचा चेहरा खुलला. असा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे कोणी आलं नसावं. चंद्राबायकडे वळून म्हणाले, "आयकलंस? सावली बघूक इली हा." आणि काठी घेऊन पुढे चालू लागले.

घराच्या वर कातळाचा एक उंचवटा आहे. तिथे बसून ते म्हणाले, की तरुणपणी ही त्यांची जागा होती. रापणीच्या वेळी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं टाकण्याआधी, एक माणूस इथे बसायचा. पाण्यात मासळीचा थवा आला की पाणी काळपट दिसतं. ते बघून त्यानं कापड हलवायचं, मग खालची माणसं होडी लोटणार. वीस वर्षं कापड त्यांच्या हातात होतं.

"थंय खडकाच्या पलीकडे बघ. काळा काय दिसता?"

"मासळी?"

"नवीन माणूस असाच फसता. सावली ती. सरळ येता हा बघ. मासळी आसती तर एव्हाना वळली आसती." मग जरा हसून म्हणाले, "पयल्या वर्षी मी सावलेर जाळा टाकूक लावलंय. चाळीस माणसांनी ओढल्यानी. काय मेळाला? शेवाळ."

तो काळा पट्टा खरोखरच सरळ येत होता. त्याची कड धारदार नव्हती, ओल्या कापडावर शाई पसरावी तशी होती. दूर असताना तो अगदी चपटा दिसत होता, जवळ येताना रुंदावला.

"आता खडकार इली. मोज," आबा म्हणाले.

आम्ही मोजू लागलो. शबाना मोठ्यानं मोजत होती. तेहेतीस म्हणाली तोवर आम्ही तिघंही उन्हात होतो, समोरचा अर्धा समुद्र सावलीत. अडतिसाव्याला पाठीवरची ऊब गेली.

म्हणजे ऊन एका क्षणी सगळीकडून जात नाही. ते चालत जातं. समुद्रावर आधी जातं, माणसावर मग येतं. हे सांगायला खरं तर कोणी लागायला नको. पण मी वल्ह्याजवळ जे घडलं तेच, त्याच क्षणी, दोन मैलांवरच्या पाण्यावर घडवत होते. म्हणून ते बटण.

आता प्रश्न उरला तो एकच. त्या दिवशी सावली कुठून आली आणि किती वेगानं? निळ्या कापडामुळे आमच्या चित्रात मागचं काहीच नव्हतं. आबा त्या दिवशी चहाच्या तंबूत होते, त्यांना सांगता येईना. "वारो दक्षिणेकडसून होतो, इतक्या सांगतंय," म्हणाले.

खाली आलो. मी टॅब काढून आबांना तो टेक दाखवू लागले, वाऱ्यावरून काही लक्षात येतं का म्हणून. चंद्राबायनं खुर्चीतून डावा हात पुढे केला. तिला दिला. बोलत्या स्वतःला ती पहिल्यांदाच बघत होती, आणि मला भीती वाटली, की आपण हे फार वाईट केलं. तिचा चेहरा हलला नाही. टेक संपला. तिनं बोटानं खूण केली, परत.

दुसऱ्या वेळी नवव्या-दहाव्या सेकंदाला तिनं टॅबच्या काचेवर डावीकडे, निळ्या कापडाच्या कडेशी, तळवा ठेवला आणि सावकाश उजवीकडे नेऊ लागली. मला आधी कळलं नाही. वाटलं, पडदा पुसतेय. तळवा तिच्या चित्रापर्यंत पोचला आणि नेमक्या त्याच क्षणी चित्रातलं ऊन गेलं.

"काकी," मी म्हटलं, "तू ती सावली बघी होतंस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की आणखी काय बघणार होते?

शबाना माझ्या खांद्यावरून वाकली. "ताई, डोळे बघा. डोळे."

आम्ही तो टेक शंभर वेळा पाहिला असेल. त्यात चंद्राबायची नजर डावीकडून हळूहळू सरकते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मंदारला वाटायचं, ती कल्पनेतलं गलबत बघतेय, काय अभिनय आहे! निळं कापड तिच्या पाठीशी होतं, पण कापडाच्या डाव्या कडेपलीकडे खरा समुद्र तिला दिसत होता, आणि त्यावरून येणारी सावली ती नजरेनं आणत होती. जन्मभर किनाऱ्यावर बसलेली बाई, ती दुसरं काय करणार! सावली अंगावरून जाईपर्यंत बोलायची थांबली आणि ऊन आल्यावर बोलली.

आम्ही तिच्याकडून ते तीनदा करून घेतलं, शबानानं फोनवर टिपलं. तिन्ही वेळा तळव्याची चाल सारखीच. शेवटच्या वेळी तळवा तिच्या चित्रापाशी पोचल्यावर तिनं तो पुढे तसाच नेला, टॅबच्या उजव्या कडेबाहेर, आणि मग दुसऱ्यांदा डावीकडून आणला, बोटं पसरून. ऊन परत आलं ते असं. आबा बाजूला उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "तिका सगळा समाजता."

गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी आम्ही सावली बांधली. चपटी, मऊ कडेची, डावीकडून येणारी. तिची चाल चंद्राबायच्या डोळ्यांवरून घेतली. बुबुळ जिथे तिथे सावलीची कड. वल्ह्याची रेघ आता फक्त शेवटी कामाला आली, कड किनाऱ्याला लागते तेव्हा. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मोजलेल्या आकड्यापेक्षा दुसऱ्या कोणाच्या डोळ्यावर मी विसंबले ती ही एकच वेळ. दळवी सर असते तर त्यांनी आधी रागावून मग परत परत बघितलं असतं.

शुक्रवारी दुपारी पाठवून दिलं. तासाभरानं मंदारचा फोन.

"ताई, हे फूटेज कुठे मिळालं?"

"कुठलं?"

"ढगांच्या दिवशीचा समुद्र. आपण घेतला होता का? मला कसं आठवत नाही?"

फोन स्पीकरवरच होता, मी तो शबानापुढे धरला. "सर, परत एकदा विचारा ना," ती म्हणाली. आमच्या धंद्यात टाळ्या नसतात. अशा एखाद्या प्रश्नावर आम्ही वर्षभर जगतो.

मुंबईच्या मंडळींनी त्या संध्याकाळी नव्या बाईंचा विचार सोडून दिला. चंद्राबाय सिनेमात राहिली.

सिनेमा लोकांसमोर जायच्या आधी मंदारनं एक चांगली गोष्ट केली. गावाच्या शाळेत, रविवारी दुपारी, खिडक्यांना काळी कापडं लावून त्यानं तो गावाला दाखवला. आम्ही दोघी गेलो. चंद्राबायला पुढच्या रांगेत, हात असलेल्या खुर्चीत बसवलं होतं. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मी. या दोन महिन्यांत ती काठी धरून चार पावलं चालू लागली होती. बोलणं मात्र 'आ', 'ई' च्या पुढे गेलं नव्हतं, आणि तेही ती लोकांसमोर करत नसे.

तिचा प्रसंग आला. पडद्यावर ती एवढी मोठी झाल्यावर मुलं ओरडली, बायका "गो बाय माझे" म्हणाल्या, मग सगळे गप्प झाले. सावली डावीकडून निघाली. मी सवयीनं प्रेक्षकांकडे बघत होते. कोणी चुळबुळ करत नव्हतं. मला स्वतःचं फारच कौतुक वाटू लागलं होतं.

तेवढ्यात माझ्या दंडावर चापट बसली. चंद्राबाय पडद्याकडे बोट दाखवत होती. स्वतःकडे नाही, मागे, दूर. मी बघितलं, कळलं नाही. तिनं दुसरी चापट मारली, जास्त जोरात. तिचा जबडा हलायला लागला. ओठ एका बाजूला ओढले गेले.

"शी..." ती म्हणाली. श्वास घेतला. "शीड."

आबा वळले. "काय? काय म्हणालंस?"

"शीड!" आता ती चिडली होती.

तेव्हा मला दिसलं. सावली गलबतावरून पुढे गेली होती, पाणी मंदावलं होतं, आणि गलबताचं पांढरं शीड भर उन्हात चमकत होतं. गलबत हा समुद्राच्या वर ठेवलेला वेगळा थर. सावली आम्ही पाण्यावर टाकली आणि शिडावर टाकायची विसरलो. शबानाला दिसलं नाही, मंदारला दिसलं नाही, मुंबईत कोणालाही दिसलं नाही, आणि मला, बावीस अधिक पाच वर्षांच्या अनुभवाला, तर नाहीच.

"शीड, शीड," चंद्राबाय म्हणत होती, दर वेळी अधिक स्पष्ट. पडद्यावरच्या चंद्राबायचं वाक्य त्याखाली बुडून गेलं. मागून कोणीतरी जोरात "श्शू!" केलं.

रघूआबा काठी न घेता उभे राहिले. प्रोजेक्टरच्या झोतात त्यांची सावली अर्ध्या पडद्यावर पडली. सगळ्या शाळेकडे तोंड करून ते ओरडले, "बोलूंदे तिका!"